कावळा, फांदी आणि कारण

पोळा संपतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात मारबती निघतात. त्याच दिवशी नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे, जाम नदीच्या पात्रात एक वेगळाच सोहळा घडतो. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावलेले असते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. सावरगावकरांनी निशाण राखावयाचे, पांढुर्णेकरांनी ते तोडून आणून चंडीमातेच्या चरणी वाहावयाचे. आणि या राखण्या-तोडण्याचे साधन एकच, दगड. हीच ती प्रसिद्ध गोटमार. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात. वृत्तपत्रांतून वेळोवेळी आलेल्या नोंदींनुसार १९५५ पासून बारा-तेरा जणांचे प्राण या दिवशी गेले आहेत. १९७८ आणि १९८७ या वर्षी ती रोखण्याचा प्रयत्न पोलिसी गोळीबारापर्यंत गेला. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदीचे हुकूम काढून पाहिले. गोटमार चालूच आहे.

शिरगावच्या होमकुंडातून अनवाणी जाणाऱ्या धोंडांची श्रद्धा ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्या गोमंतकीय वाचकांना पांढुर्ण्याच्या माणसांची भावना समजावून सांगण्याची गरज नाही. तिची टवाळी करणे हा आजच्या लेखाचा हेतूही नाही. आमचे लक्ष आहे ते गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी जी चर्चा होते तिच्याकडे. एखाद्या वर्षी जखमींचा आकडा घटला, तर बंदोबस्त करणारे म्हणतात, आमच्या बंदोबस्तामुळे घटला. दारूची दुकाने बंद करविणारे म्हणतात, दारूबंदीमुळे घटला. कोणी म्हणतो, समजूत घालणाऱ्या सभांमुळे. कोणी म्हणतो, पाऊस होता म्हणून. आणि भाविक म्हणतो, मातेच्या कृपेमुळे. आकडा वाढला की हीच मंडळी ‘मुळे’ हा प्रत्यय दुसऱ्याच्या दाराशी नेऊन ठेवतात. प्रत्येकाचे बोलणे प्रामाणिक असू शकते. परंतु त्यांपैकी एकाकडेही आपल्या ‘मुळे’चा पुरावा नसतो. आणि जेथे प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे, तेथे पुराव्याविना ठरलेले कारण म्हणजे पुराव्याविना ठरलेला उपाय होय. पुढच्या वर्षी तोच उपाय होतो आणि पुढच्या वर्षीही कोणाचे तरी डोके फुटते.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण सहज म्हणतो. आपल्या पूर्वसूरींनी त्याला काकतालीय न्याय असे भारदस्त नाव दिले. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. कारण कशाला म्हणावे, यावर नैयायिकांनी जो काथ्याकूट केला तो आजच्या समाजशास्त्रज्ञानेही डोळ्यांखालून घालावा असा आहे. कार्याच्या अगोदर जे नेमाने असते ते कारण, एवढी व्याख्या त्यांना पुरेशी वाटली नाही. कुंभार घट घडवितो त्याआधी माती वाहून आणणारे गाढव तेथे नेमाने असते. म्हणून गाढवाला घटाचे कारण म्हणावयाचे काय? अशा नुसत्या हजर असणाऱ्या गोष्टीला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूला काढले. तसेच, जेथे अग्नी तेथे धूर असे सरसकट म्हणता येत नाही. धूर निघावयास ओले सरपण लागते. दोन गोष्टींच्या संबंधामागे दडून बसलेल्या या तिसऱ्या गोष्टीला त्यांनी ‘उपाधी’ हे नाव दिले. आणि कारण आहे तेथे कार्य आहे हे पाहणे म्हणजे अन्वय, कारण नाही तेथे कार्यही नाही हे पाहणे म्हणजे व्यतिरेक, अशी दुहेरी कसोटी त्यांनी लावून दिली.

आपल्या सार्वजनिक जीवनात अन्वय उदंड झाला आहे, व्यतिरेक मात्र कोणी पाहत नाही. योजना आली आणि सुधारणा झाली, एवढे सांगून अहवाल संपतो. योजना जेथे आली नाही तेथे त्याच काळात काय झाले, हे विचारणारा माणूस सभेत रसभंग करणारा ठरतो. वास्तविक साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. एखाद्या उपायाचा परिणाम म्हणजे ‘उपाय केल्यावर काय झाले’ आणि ‘उपाय केला नसता तर काय झाले असते’ यांतील अंतर. यांतील पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते. दुसरी कधीच दिसत नाही. तिची जागा घेऊ शकेल अशी प्रामाणिक तुलना शोधून काढणे, यालाच प्रयोगाची आखणी म्हणतात.

गोटमारीच्या आकड्यांना ही कसोटी लावून पाहावी. पहिली अडचण मोजणीतच आहे. नदीकाठी उपचार-केंद्रे वाढविली, डॉक्टर वाढविले, की जो गडी पूर्वी जखमेला मातेची विभूती लावून परस्पर घरी जात असे तो आता मलमपट्टीला येतो आणि त्याची नोंद होते. म्हणजे व्यवस्था सुधारली की जखमींचा आकडा वाढलेला दिसतो! दुसरी अडचण अशी की, आकडा किती हजारांतून आला हे ठाऊक नसते. पावसाने पात्र भरले, खेळणारे निम्मे आले आणि जखमीही निम्मे झाले, तर सुरक्षितता वाढली असे म्हणावयाचे काय? तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणूनच अधिक फसवी. कडक उपाय नेहमी केव्हा योजले जातात? सर्वांत वाईट वर्षानंतर. आणि सर्वांत वाईट वर्षानंतरचे वर्ष, काहीही न करता, बहुधा त्याहून बरेच असते; कारण असाधारण वाईट वर्ष हे असाधारण म्हणूनच वाईट असते. आकडे आपल्या सरासरीकडे परत येतात आणि श्रेय मात्र हुकूम काढणाऱ्याला मिळते.

ही तिसरी गोष्ट कोकणातल्या आणि गोव्यातल्या बागायतदाराला समजावयास कठीण जाऊ नये. हापूस काय किंवा मानकुराद काय, आंबा बहुधा वर्षाआड भरघोस येतो. कमी फळाच्या वर्षी चिडलेला बागायतदार कोणा विक्रेत्याचे नवे औषध झाडांना देतो. पुढच्या वर्षी झाडे लगडतात. औषधाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. ती झाडे त्या वर्षी तशीही लगडणारच होती, हे सांगावयास बिनऔषधाचे झाड शिल्लक ठेवलेले नसते. पांढुर्णा-सौंसर हा संत्र्यांचा मुलूख आहे. तेथील बागायतदार मृगबहार आणि आंबेबहार यांच्या हिशेबाने झाडाला पाण्याचा ताण देतो. त्याचीही गत हीच. नवे खत तो कोणत्या झाडांना घालतो? विहिरीजवळच्या, ज्यांच्यावर त्याचा जीव आहे आणि जेथे लक्ष ठेवणे सोपे आहे. मग फळ वाढले ते खताने, विहिरीच्या ओलाव्याने, की मालकाच्या लक्षाने? विहीर ही येथे ओले सरपण आहे. नैयायिकाच्या भाषेत उपाधी.

या कोड्यातून बाहेर पडण्याची वाट सापडली तीही शेतातच. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी एक अत्यंत साधी युक्ती सांगितली. कोणत्या वाफ्याला खत द्यावे हे माणसाने ठरवूच नये, चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठीला विहीर कोठे आहे हे ठाऊक नसते, मालकाचे लाडके झाड कोणते हेही ठाऊक नसते. त्यामुळे पुरेशी झाडे घेतली तर ओलावा, ऊन, माती, लाड या साऱ्या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच वाटल्या जातात; माहीत असलेल्या उपाधी वाटल्या जातात आणि माहीत नसलेल्याही. मग दोन्ही बाजूंत जो फरक उरतो तो खताचा, आणि निव्वळ योगायोगाने किती फरक पडू शकला असता याचेही गणित मांडता येते. फिशर यांचा प्रयोगांच्या आखणीवरचा ग्रंथ १९३५ साली निघाला. मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे की, ही विद्या हिंदुस्थानच्या शेतीत रुजविणाऱ्यांत दोन मराठी नावे आघाडीवर होती. सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूर येथे कापसावर संशोधन केलेले विनायक गोविंद पानसे. शेती-संशोधकांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारा त्या दोघांचा ग्रंथ भारतीय कृषि संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला आणि शेतीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

झाडांना लागू पडते ते माणसांना पडेल काय? माणूस हे झाड नव्हे. त्याला मन आहे, मत आहे आणि मतदानाचा हक्क आहे. तथापि माणसांच्या बाबतीतही तुलनेवाचून गत्यंतर नाही, हे आपल्याच प्रदेशातील दोन उदाहरणांवरून पटावे.

पहिले गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये नवजात अर्भकांची घरच्या घरी काळजी घेण्याची व्यवस्था उभी केली. गावातीलच स्त्रियांना शिकवून तयार केले. तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. तेथे नेहमीच्या आरोग्यसेवा चालू होत्या. ही विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. म्हणूनच प्रारंभी दोन्हीकडची स्थिती सारखी होती हे त्यांना आकड्यांनी दाखवावे लागले. नवजात अर्भकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांच्या अहवालात आले, आणि १९९९ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ती ४७ गावे नसती, तर ‘हल्ली सगळीकडेच मृत्यू घटत आहेत’ या एका वाक्याने सारा खटाटोप निकालात काढता आला असता. ती होती म्हणून २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर नेण्याचे ठरविले, तेव्हा त्या निर्णयाला पायाचा दगड होता.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशाचे, आणि ते अधिक बोधप्रद, कारण त्यात निराशा आहे. धार आणि खरगोन या जिल्ह्यांतील ८० गावे घेऊन, त्यांतील निम्म्या गावांत संपूर्ण स्वच्छता अभियान आधी न्यावयाचे, हे चिठ्ठीने ठरविण्यात आले. अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. अभियानाच्या गावांत सुधारित शौचालये असलेली घरे ४१ टक्के निघाली, इतर गावांत २२ टक्के. म्हणजे अभियान पोचले होते. परंतु उघड्यावर जाणारे प्रौढ सुमारे दहा टक्क्यांनीच घटले होते आणि मुलांचे जुलाब, जंत किंवा उंची यांत फरक आढळला नाही. नुसती शौचालये मोजून अहवाल लिहिला असता तर तो विजयाचा अहवाल झाला असता! यावरून शौचालये निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणारा मनुष्य अर्थाचा अनर्थ करतो. एवढाच अर्थ निघतो की, अर्ध्या घरांनी अर्धवट वापरलेल्या शौचालयांनी गावाची घाण हटत नाही. भिंती बांधणे वेगळे, सवय बदलणे वेगळे. आणि पैसा कोठे कमी पडत आहे हे त्या प्रयोगाने दाखविले.

परंतु प्रत्येक प्रश्नावर चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. राज्याची सीमा चिठ्ठीने आखता येत नाही, आणि गोटमारीसाठी दहा पांढुर्णे निर्माण करता येत नाहीत. अशा वेळी इतिहासाने आपल्या हाताने मांडून ठेवलेला प्रयोग शोधावा लागतो. तसा एक प्रयोग पांढुर्णा-सौंसरच्या भूमीवरच मांडलेला आहे.

१९५६ च्या ऑक्टोबरअखेर नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि सौंसर, सावनेर, काटोल, नरखेड, वरुड, पांढुर्णा ही सारी गावे एकाच राज्यात नांदत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा अखंड मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्या दक्षिण टोकाचा मराठी मुलूख त्याच्याबरोबर राहिला. पुनर्रचनेत जिल्हा हे एकक धरले गेले. तालुक्याची भाषा कोणी मोजली नाही. सीमाप्रश्नाची झळ ठाऊक असलेल्या आमच्या वाचकांना या वाक्याचा अर्थ फोडून सांगावयास नको. तीच संत्री, तोच कापूस, तोच पोळा, तीच मराठी. मधून एक रेघ गेली. रेघेच्या अलीकडे शाळा मराठी राज्याच्या, पलीकडे हिंदी राज्याच्या. अलीकडे मुंबईचे कायदे, पलीकडे भोपाळचे. सहा-सात दशकांनंतर दोन्ही बाजूंच्या माणसांत जो फरक पडला असेल तो राज्यकारभाराचा परिणाम, असे म्हणता येईल काय?

म्हणता येईल, परंतु तुलना योग्य माणसांशी केली तरच. येथेच बहुतेकांची गल्लत होते. जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचे भूगोलानेच दोन भाग केले आहेत. सातपुड्याच्या पठारावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा सखल तो झेरघाट. सौंसर हा झेरघाट. आता कोणी सौंसरची तुलना वरच्या अमरवाड्याशी केली आणि सौंसर पुढे आहे असे पाहून ‘मराठी भाषकांची प्रगती’ असा लेख लिहिला, तर तो लेख मराठी मनाला सुखावेल. परंतु ते कारण नव्हे. सौंसरला सखल जमीन आहे, कापूस-संत्र्यांसारखे नगदी पीक आहे, हाकेच्या अंतरावर नागपूरची बाजारपेठ आहे. भाषेच्या सोबत या साऱ्या उपाधी आल्या. आपल्याकडेही सासष्टी-बार्देसची तुलना सत्तरी-सांग्याशी करून जुन्या आणि नव्या काबिजादींविषयी मोठमोठे सिद्धांत मांडले जातात; मधली डोंगर-जंगलांची आणि दर्यावर्दी व्यापाराची उपाधी कोणी वजा करीत नाही. सौंसरची खरी तुलना अमरवाड्याशी नव्हे, सावनेरशी व्हावयास हवी; पांढुर्ण्याची नरखेडशी. रेघेला लागून असलेल्या गावाची रेघेपलीकडच्या लगतच्या गावाशी.

वरुडकडे वळताना मात्र आणखी एक सावधगिरी हवी. वरुड वऱ्हाडात येते. वऱ्हाडात शेतसारा रयतेकडून थेट घेण्याची पद्धत होती, तर नागपूर आणि छिंदवाड्याकडे मालगुजारी होती. मध्यस्थ जमीनदारांचे जिल्हे आणि रयतवारी जिल्हे यांची देशभरची तुलना अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली मांडली, आणि जमीनदारीच्या जिल्ह्यांत स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणूक व उत्पादन मागे राहिल्याचे दाखविले. तेव्हा पांढुर्णा आणि वरुड यांतील फरकात १९५६ ची रेघ किती आणि मालगुजारीची जुनी रेघ किती, हे वेगळे काढल्याशिवाय निष्कर्ष काढता कामा नये.

आणखी एक गंमत पाहावी. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. त्या दिवशी एकाही माणसाचे उत्पन्न बदलले नाही, एकही मूल अधिक शिकले नाही. तरी छिंदवाडा जिल्ह्याच्या सगळ्या सरासरी बदलल्या. उद्या कोणी जुन्या छिंदवाड्याचे आकडे आणि नव्या छिंदवाड्याचे आकडे शेजारी मांडून ‘प्रगती’ किंवा ‘अधोगती’ दाखविली, तर ती कागदावरच्या कात्रीची करामत असेल. सरकारी आकडे वाचणाऱ्याने आधी नकाशा तपासावा, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

सीमेचा असा उपयोग करण्याची कल्पना आता जगन्मान्य आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२ च्या एप्रिलमध्ये किमान वेतन वाढविले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने वाढविले नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची ४१० उपाहारगृहे आधी आणि नंतर तपासली. वेतन वाढल्याने नोकऱ्या घटल्या, असे पुस्तकी भाकीत होते. तसे आढळले नाही. त्यावर पुष्कळ वाद झाले, पण पद्धतीचा ठसा उमटला. कार्ड यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या दोन वर्षे आधी, चिठ्ठीने आखलेल्या प्रयोगांतून दारिद्र्याचा अभ्यास केल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना ते मिळाले होते. अभिजित यांच्या मातोश्री मूळच्या मुंबईच्या मराठी कुटुंबातील, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

न्यू जर्सीची गोष्ट दूरची वाटत असेल तर सौंसर-सावनेरकडे पुन्हा वळू. मध्य प्रदेश सरकारने लाडली बहना योजनेखाली स्त्रियांच्या खात्यात दरमहा एक हजार रुपये भरावयास २०२३ च्या जूनमध्ये सुरुवात केली. महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे पैसे प्रत्यक्ष मिळू लागले ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या सुमारे चौदा महिन्यांत सौंसरच्या बाईच्या हाती दरमहा पैसा होता. सावनेरच्या बाईच्या हाती तो नव्हता. दोघी संत्र्यांच्या तोडणीला जातात, दोघी एकच भाषा बोलतात. त्या चौदा महिन्यांत सौंसरकडे सावकाराचे वा बचतगटाचे देणे घटले काय? घरात दूध-अंडी अधिक आली काय? मजुरीचे दिवस कमी झाले की वाढले? नवऱ्याने घरखर्चाला द्यावयाचा पैसा तेवढ्याने कमी केला काय? या प्रश्नांची उत्तरे केवळ सौंसरमध्ये विचारून मिळणार नाहीत. सावनेरमध्येही, आणि योजनेच्या आधीपासूनची, विचारावी लागतील. दोन्हीकडे आधीपासून जो फरक होता तो वजा करून, नंतर जो अधिकचा फरक पडला तो योजनेचा म्हणावयाचा.

येथेही सरपण ओले आहेच. २०२३ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात निवडणूक झाली. निवडणुकीच्या वर्षी इतरही पैसा वाहतो. दोन्ही तालुक्यांत रोटी-बेटीचा व्यवहार आहे. सौंसरच्या आईला मिळालेल्या हजारांतील दोनशे सावनेरला दिलेल्या लेकीकडे गेले, तर तुलनेचे गावही थोडे भिजणार. म्हणून ज्याला अशी तुलना करावयाची आहे त्याने काय मोजणार, केव्हा मोजणार आणि किती फरकाला फरक म्हणणार, हे आकडे हाती येण्यापूर्वीच लिहून ठेवावे. उत्तरपत्रिका पाहून मग प्रश्नपत्रिका काढणाऱ्या परीक्षकावर कोण विश्वास ठेवील?

या सर्वावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. चिठ्ठी टाकून एका गावाला औषध द्यावयाचे आणि दुसऱ्याला द्यावयाचे नाही, हे क्रौर्य नव्हे काय? जे गुणकारी आहे हे सिद्ध झालेले आहे ते रोखून धरणे निश्चित क्रौर्य आहे, आणि तसा प्रयोग कोणीही करू नये. परंतु बहुतेक सरकारी योजनांच्या बाबतीत ती गुणकारी आहे की नाही हेच ठाऊक नसते. आणि पैसा पहिल्या वर्षी सर्वांना पुरत नाही हे मात्र पक्के ठाऊक असते. तेव्हा पहिला क्रमांक कोणाचा, हे आज वशिल्याने ठरते, ते उद्या सर्वांसमक्ष चिठ्ठीने ठरावे, यात अन्याय कोणता? उलट न्यायही साधतो आणि ज्ञानही. दुसरा आक्षेप असा की, एका ठिकाणचे उत्तर दुसरीकडे लागू पडत नाही. हे खरे आहे. धारचे उत्तर पेडण्याला जसेच्या तसे लावणे हा आळस आहे. परंतु त्यावर उपाय पेडण्यात प्रश्न विचारणे हा आहे, प्रश्नच न विचारणे हा नव्हे. इंदूरच्या परिसरात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ संघटनेने आठ गावांतील प्रत्येकाला दरमहा रोख रक्कम देऊन ती गावे इतर बारा गावांशी ताडून पाहिली. त्यातून मिळालेली उत्तरे तेवढ्या गावांपुरती का होईना, हाती आली. तिसरा आक्षेप, की माणसाचे दुःख आकड्यांत मावत नाही. तेही खरेच. परंतु आकडा न मोजल्याने दुःख हलके होत नाही. एवढेच होते की ज्याचा आवाज मोठा त्याचे कारण खरे ठरते.

आता आपल्या घराकडे पाहू. गोव्यात गृहिणींसाठीची गृह आधार योजना २०१२ पासून चालू आहे. मध्य प्रदेशाच्या आणि महाराष्ट्राच्या बहिणींच्या कितीतरी आधी आपण गृहिणीच्या हाती दरमहा पैसा दिला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. या पैशाने घर किती सावरले, हे सभेत सांगणारे पुष्कळ आहेत. दोडामार्गच्या गृहिणीला तो मिळत नव्हता आणि डिचोलीच्या गृहिणीला मिळत होता, त्या वर्षांत दोघींच्या संसारांत काय फरक पडला, हा प्रश्न मात्र सौंसर-सावनेरइतकाच आपल्या दाराशी आहे. आपल्या विद्यापीठात अर्थशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. शंभर जणांना प्रश्नावली वाटून ‘बहुसंख्यांच्या मते योजना उपयुक्त आहे’ असा निष्कर्ष काढण्यापेक्षा त्यांच्या मार्गदर्शकांनी त्यांना एका सीमेवरच्या चार-चार गावांत पाठवावे. त्यांच्या वह्यांत अन्वयाच्या शेजारी व्यतिरेकाचेही एक पान असावे.

सरकारकडे आमचे मागणे थोडे आहे. नवी योजना आणताना तिच्या आधीची स्थिती मोजून ठेवावी आणि ती लोकांना पाहू द्यावी. योजना टप्प्याटप्प्याने न्यावयाची असेल तर टप्पे चिठ्ठीने ठरवावेत. यश कशाला म्हणणार हे आधी जाहीर करावे. आणि अपेक्षित परिणाम झाला नाही तर तो अहवाल कपाटात न ठेवता प्रसिद्ध करावा. मध्य प्रदेशातील शौचालयांच्या अभ्यासाने दाखवून दिले की, अपयशाचा प्रामाणिक अहवाल हा यशाच्या खोट्या अहवालापेक्षा अधिक उपयोगी असतो.

पांढुर्ण्याच्या प्रशासनापुढेही याहून वेगळा मार्ग नाही. तेथे चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. पण वही ठेवता येते. किती जण पात्रात उतरले, किती तास खेळ चालला, नदीला पाणी किती होते, किती उपचार-केंद्रे होती, कोणाला कोठे मार लागला, त्यातला जीवघेणा किती, हे दरवर्षी एकाच पद्धतीने लिहिले आणि दरवर्षी एक-एक उपाय निराळा करून पाहिला, तर दहा वर्षांत निदान एवढे कळेल की कोणत्या उपायाने डोकी वाचली आणि कोणता उपाय कुंभाराच्या गाढवासारखा नुसता हजर होता. श्रद्धेला यात धक्का लागण्याचे कारण नाही. चंडीमातेला निशाण वाहावयाचे ते पांढुर्णेकर वाहतीलच. ते वाहून संध्याकाळी घरी परतणारे हात मात्र सकाळी निघाले होते तेवढेच असावेत, एवढ्यासाठी ही वही हवी.